कोण आलं, कोणाला बोलावलं?

आमच्या थेरगावात डांगे चौकाच्या आसपास बघा, लातूर, बीड, जळगाव, सगळ्या जिल्ह्यांच्या बायका भेटतील. नवरा चाकणला नाहीतर हिंजवडीला, मुलं इंग्रजी शाळेत आणि आई मात्र मराठी माध्यमातली. शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं, "अहो, 'हू' कुठे वापरायचं आणि 'हूम' कुठे? मुलगा म्हणतो, तुला नाही कळणार!" ते शेवटचं वाक्य मलाच बोचलं.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, तेव्हाचे शिक्षणमंत्री आणि आपल्या पिंपरी-चिंचवडचेच प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या काळात. त्याआधी शाळेत गेलेल्या आपण पाचवीत एबीसीडी गिरवली. पण मैत्रिणींनो, कर्ता आणि कर्म तर आपण मराठीच्या तासालाच शिकलो ना? तेवढं इथे पुरतं. 'हू' म्हणजे कर्ता, 'हूम' म्हणजे कर्म. कोण आलं? 'हू केम?' कोणाला बोलावलं? 'हूम डिड यू कॉल?'

मात्र मराठीतला 'ला' दिसला की लगेच 'हूम' लावू नका. 'कोणाला माहीत आहे?' यात 'ला' आहे, तरी इंग्रजीत 'हू नोज?' असंच होतं. 'कोणाला भूक लागली?' म्हणजे 'हू इज हंग्री?' इंग्रजीत जाणणारा आणि भुकेला माणूसच कर्ता असतो. 'कोणी केलं?' यालाही 'हू डिड इट?'

मग ओळखायचं कसं? मनात उत्तर द्या. उत्तरात 'ही' आलं तर 'हू', 'हिम' आलं तर 'हूम'. हिम आणि हूम, दोघांच्या शेवटी 'म', एवढं लक्षात ठेवा. 'हू डू यू थिंक इज राइट?' यात भलेभले फसतात. उत्तर द्या, 'आय थिंक ही इज राइट'. 'ही' आलं, म्हणजे 'हू'च बरोबर.

आणि एक गंमत. एडवर्ड सपीर या भाषातज्ज्ञाने 1921 सालीच लिहून ठेवलं होतं, की हे 'हूम' हळूहळू बोलण्यातून जाणार. आज इंग्रज माणूससुद्धा बोलताना सर्रास 'हू डिड यू कॉल?' म्हणतो. 'टू', 'विथ', 'फॉर' यांच्या लगेच पुढे मात्र 'हूम'च लागतं. कंपनीच्या अनुभवाच्या दाखल्यावर 'टू हूम इट मे कन्सर्न' असतं ना, तेच हे. अर्थ साधा, 'ज्याच्याशी संबंध असेल त्याला'.

तेव्हा परीक्षेच्या पेपरात आणि अर्जात नियम पाळा. मुलाखतीला गेलात आणि 'हूम'च्या जागी तोंडातून 'हू' निघालं, तर अडखळू नका. पुढचं वाक्य बोला.