कॅमेऱ्याशी बोलण्याची भाषा

छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. रायपूर आणि त्याच्या आसपासच्या राइस मिलांमध्ये धानाची भरडाई होऊन तांदूळ पोत्यात भरला जाण्यापूर्वी तो एका यंत्रातून जातो. मिलमधील लोक या यंत्राला ‘सॉर्टेक्स’ म्हणतात. मुळात हे एका उत्पादकाचे व्यापारी नाव. परंतु आता ते त्या जातीच्या सर्वच यंत्रांना लावले जाते. उतरत्या पन्हळींवरून तांदूळ पातळ धारेने खाली येतो. धारेवर तीव्र प्रकाश टाकलेला असतो आणि समोर कॅमेरे असतात. काळा, पिवळा किंवा डागाळलेला दाणा दिसताच दाबलेल्या हवेचा एक झोत सुटतो आणि तेवढाच दाणा बाजूला उडवला जातो.

या यंत्रातील कॅमेऱ्यापुढचे काम किती अवघड आहे, याचा हिशेब वाचकाला सहज करता येईल. समजा, दाणा सेकंदाला ४ मीटर वेगाने खाली येत आहे. कॅमेऱ्याने एका चित्रासाठी सेकंदाचा एक हजारांश भाग एवढा वेळ प्रकाश घेतला, तर तेवढ्या वेळात दाणा ४ मिलिमीटर पुढे सरकेल. तांदळाचा अख्खा दाणाच जेमतेम ६-७ मिलिमीटर लांबीचा. तेव्हा त्यावरचा बारीक काळा ठिपका चित्रात पुसट रेघ होऊन पसरेल आणि यंत्राला तो डाग म्हणून ओळखताच येणार नाही. हाच वेळ दहापट कमी केला, तर सरकणे ०.४ मिलिमीटरवर येते आणि ठिपका ठिपकाच राहतो. म्हणजे प्रश्न केवळ कॅमेरा चांगला असण्याचा नाही. प्रकाश किती वेळ घ्यायचा, हे त्या कॅमेऱ्याला नेमके सांगता आले पाहिजे. हे सांगायचे कोणी, आणि कोणत्या भाषेत? प्रस्तुत प्रकरणाचा विषय तोच आहे.

कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे जी प्रकाशग्राही चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे, म्हणजे पिक्सेल, ओळींनी मांडलेली असतात. या चकतीतच शेकडो लहान लहान कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो आणि त्यात एक आकडा ठेवता येतो. एका कप्प्यातील आकडा प्रकाश घेण्याचा काळ ठरवतो, दुसऱ्यातील संकेताचे वर्धन ठरवतो, तिसऱ्यातील आकडा बदलताच चित्र उलटे होते. सेन्सरला दुसरी कोणतीही भाषा कळत नाही. शिवाय या कप्प्यांचे क्रमांक आणि त्यांतील आकड्यांचे अर्थ प्रत्येक जातीच्या सेन्सरमध्ये निराळे असतात.

साहजिकच संगणक आणि सेन्सर यांच्यामध्ये एक दुभाषी लागतो. हा दुभाषी म्हणजे ‘ड्रायव्हर’ ही आज्ञावली. तिचे एक तोंड सेन्सरकडे असते. तिकडे ती कप्प्यांच्या क्रमांकांत बोलते. दुसरे तोंड वरच्या आज्ञावलींकडे, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या, साठवणाऱ्या किंवा दाणे निवडणाऱ्या आज्ञावलींकडे असते. तिकडे तिने सर्वांना समजेल अशा, आधी ठरलेल्या नावांनी बोलावे, अशी अपेक्षा असते. कोणत्या गोष्टी कोणत्या नावाने आणि कोणत्या परिमाणात खुल्या करायच्या, याचा लिखित करार नसेल तर प्रत्येक ड्रायव्हर आपलीच बोली बोलू लागतो. मग एका कॅमेऱ्यासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कॅमेऱ्यापुढे मुकी ठरते.

लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत असा करार क्रमाक्रमाने घडत गेला. ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ या पहिल्या व्यवस्थेतील उणिवा ध्यानात आल्यावर बिल डर्क्स यांनी १९९८ मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा मांडला आणि २००२ मध्ये ती प्रणालीच्या गाभ्यात आली. त्या काळी कॅमेरा म्हणजे एकसंध पेटी, ही कल्पना पुरेशी होती. मोबाइल फोनमधील कॅमेऱ्याने ती मोडली. तेथे सेन्सर निराळा, चित्रावर संस्कार करणारी चकती निराळी, आणि प्रत्येकीला स्वतंत्र सूचना द्याव्या लागतात. नोकियाच्या एन-९०० या २००९ मधील फोनच्या निमित्ताने झालेल्या कामातून कॅमेऱ्याचे हे घटक सुटे सुटे दाखवणारी व्यवस्था तयार झाली आणि २०११ मध्ये ती लिनक्समध्ये दाखल झाली. आज लिनक्सच्या अधिकृत दस्तऐवजांत सेन्सरच्या ड्रायव्हरविषयी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत: एक ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी, दुसरे तो वापरणाऱ्यांसाठी. एकाच कराराची दोन्ही पक्षांना समजेल अशी दोन वाचने, असे त्यांना म्हणता येईल.

या करारातील एक कलम उदाहरणादाखल पाहू. सेकंदाला किती चित्रे मिळणार, हे कशावर ठरते? सेन्सर एकेक ओळ वाचत जातो. प्रत्येक ओळ वाचून झाल्यावर तो थोडा थांबतो आणि सर्व ओळी संपल्यावरही काही ओळींएवढा काळ रिकामा घालवतो. या थांबण्याला ‘ब्लँकिंग’ म्हणतात. करार असे सांगतो की, आडवे ब्लँकिंग पिक्सेलांत मोजावे, उभे ब्लँकिंग ओळींत मोजावे आणि वाचनाचा वेग दर सेकंदाला किती पिक्सेल, असा सांगावा. मग चित्राची रुंदी अधिक आडवे ब्लँकिंग, गुणिले चित्राची उंची अधिक उभे ब्लँकिंग, भागिले वाचनाचा वेग. आलेले उत्तर म्हणजे एका चित्राला लागणारा काळ. सेन्सर कोणत्याही कंपनीचा असो, सूत्र हेच.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी २०१६ मध्ये निघालेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात सोनीचा ‘आयएमएक्स-२१९’ हा सेन्सर आहे. त्याचे पूर्ण चित्र ३२८० पिक्सेल रुंद आणि २४६४ ओळी उंच असते. त्याच्या ड्रायव्हरमध्ये दीर्घकाळ रूढ असलेल्या मूल्यांनुसार आडवे ब्लँकिंग १६८ पिक्सेल, उभे १०६२ ओळी आणि वेग सेकंदाला १८ कोटी २४ लाख पिक्सेल. म्हणजे ३४४८ गुणिले ३५२६, सुमारे १ कोटी २१ लाख ५८ हजार. वेगाला या संख्येने भागले की उत्तर १५ येते. सेकंदाला १५ चित्रे. हा हिशेब करण्यासाठी सेन्सर हातात असण्याचीही गरज नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. एका ओळीला लागणारा काळ सुमारे १८.९ मायक्रोसेकंद आहे. म्हणून २४६४ ओळी वाचायला ४६ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात आपला तांदळाचा दाणा १८ सेंटिमीटर खाली गेलेला असेल. वरची ओळ वाचताना तो एका ठिकाणी आणि खालची ओळ वाचताना दुसऱ्याच ठिकाणी. त्याचे चित्र ताणलेले किंवा आखडलेले येणार. सारांश, धान्य निवडण्याच्या वेगवान यंत्रात हा सेन्सर असा वापरून चालणार नाही. तेथे एकच ओळ पुन्हा पुन्हा टिपणारा सेन्सर हवा. पैसे खर्च करण्यापूर्वी कागद-पेन्सिलीने हा निर्णय घेता येतो, तो केवळ ते आकडे ठरलेल्या नावांनी आणि ठरलेल्या परिमाणांत लिहून ठेवलेले आहेत म्हणून.

घरातल्या ट्यूबलाइटचीही हीच कथा आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ; त्यामुळे जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरच्या चित्रात काळसर आडवे पट्टे उमटतात. प्रकाश घेण्याचा काळ, म्हणजे एक्स्पोजर, १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला की पट्टे नाहीसे होतात. वरील सेन्सरमध्ये एक्स्पोजर ओळींत मोजतात. १० मिलिसेकंद म्हणजे ५२९ ओळी. जेथे वीज ६० हर्ट्झची आहे तेथे हा आकडा ४४१ होईल. यूएसबीने जोडण्याच्या अनेक कॅमेऱ्यांत यासाठी ५० की ६० अशी निवड खुली ठेवलेली असते. ती निवड आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो कॅमेऱ्यालाच दोष देत बसतो.

करारात सर्वच गोष्टी सुटल्या आहेत असे मात्र नाही. संकेताचे वर्धन, म्हणजे ‘गेन’, हे त्याचे उत्तम उदाहरण. आयएमएक्स-२१९ मध्ये हा आकडा ० ते २३२ यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे एकपट, १२८ म्हणजे दुप्पट आणि १९२ म्हणजे चौपट. सूत्र असे की, २५६ मधून तो आकडा वजा करावा आणि उरलेल्या संख्येने २५६ ला भागावे. दुसऱ्या सेन्सरमध्ये हे सूत्र निराळे असते आणि ड्रायव्हर मात्र नुसता आकडा पुढे करतो. त्यामुळे २०१८ च्या अखेरीस जाहीर झालेल्या ‘लिबकॅमेरा’ या प्रकल्पाला प्रत्येक सेन्सरसाठी असे सूत्र आपल्याकडे वेगळे नोंदवून ठेवावे लागते. परिमाण ठरवायचे राहून गेले की त्याची भरपाई कोणाला तरी अशी करत बसावी लागते.

दुसरी अडचण तयार संचांची. अनेक ड्रायव्हर सेन्सरची सर्व मोकळीक वापरकर्त्याच्या हाती देत नाहीत. उत्पादकाकडून मिळालेल्या रजिस्टरांच्या याद्या जशाच्या तशा घेऊन चार-पाच ठराविक मापे तेवढी देऊ करतात. खाणावळीत पदार्थ वेगवेगळे मागता येऊ नयेत, ठरलेले ताटच घ्यावे लागावे, तसा हा प्रकार. वरील सेन्सरचे १९२० गुणिले १०८० हे माप निवडले तर तो पूर्ण चित्र लहान करत नाही, मधला तेवढा तुकडा कापून देतो. दृश्य एकाएकी जवळ आल्यासारखे वाटते आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो. म्हणून करार सांगतो की, चित्र कोठून आणि किती कापले हे ड्रायव्हरने वाचता येईल अशा रीतीने जाहीर करावे. निवड देता येत नसेल, तर निदान माहिती द्यावी.

हीच सचोटी उलट्या बसवलेल्या सेन्सरविषयी अपेक्षित आहे. काही यंत्रांत जागेच्या सोयीसाठी सेन्सर डोके खाली करून बसवलेला असतो. ड्रायव्हरने चित्र गुपचूप सरळ करून द्यावे, हा मोह स्वाभाविक आहे. करार त्याला मनाई करतो. सेन्सर किती अंशांत फिरवून बसवला आहे ते सांगावे आणि चित्र फिरवायचे की नाही हा निर्णय वरच्या आज्ञावलीवर सोडावा, असा नियम आहे. कारण दोघांनीही परोपकार म्हणून चित्र उलटवले, तर ते पुन्हा उलटेच होते.

रायपुरात बसून हे मराठीत लिहिताना माधवराव सप्रे यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. १८७१ मध्ये जन्मलेले सप्रे मातृभाषेने मराठी. परंतु त्यांनी लेखन केले ते हिंदीत. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक त्यांनी सुरू केले, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, आणि काशीच्या नागरीप्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषाकोशात अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम केले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. एखादे शास्त्र आपल्या भाषेत बोलायचे तर त्यातील शब्द आणि त्यांचे अर्थ आधी ठरावे लागतात, हे त्या पिढीने ओळखले होते. ड्रायव्हरचे दस्तऐवज लिहिणारा अभियंता याच जातीचे काम करत असतो. तो नवे यंत्र घडवत नाही. असलेल्या यंत्राविषयी सर्वांनी एकाच अर्थाने बोलावे, एवढी सोय करतो.

या सोयीचे मोल ती नसते तेव्हा कळते. रास्पबेरी पायच्या आरंभीच्या काळात सेन्सर हाताळणारा भाग त्या संगणकाच्या बंदिस्त आज्ञावलीत होता. विद्यार्थ्याला तयार कॅमेरा वापरता येई. परंतु आत काय चालते ते वाचता येत नसे आणि निराळा सेन्सर जोडून त्याचे संस्कार स्वतः ठरवणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या संगणकाच्या अधिकृत प्रणालीने लिबकॅमेराचा मार्ग स्वीकारला, तेव्हा ही दारे बऱ्याच अंशी उघडली. त्याच कॅमेऱ्यावर आता एखादा विद्यार्थी पांढऱ्या कागदावर स्थिर पसरलेले तांदळाचे दाणे टिपून तुटलेले किती आणि अख्खे किती, हे मोजू शकतो. एक्स्पोजर किती ठेवले आणि का, हे आपल्या वहीत लिहू शकतो. आणि दुसऱ्या गावातील दुसरा विद्यार्थी ती वही वाचून तोच प्रयोग पुन्हा करू शकतो.

शास्त्रीय ज्ञानाची कसोटी हीच आहे की, एकाने केलेले दुसऱ्याला पडताळता यावे. ज्या यंत्राच्या आतील मूल्ये वाचता येत नाहीत, त्याने दिलेले चित्र आपण विश्वासावर स्वीकारतो. ज्याची मूल्ये ठरलेल्या नावांनी खुली आहेत, त्याचे चित्र तपासून स्वीकारता येते. मिलमधील व्यापाऱ्याच्या तांदळाचा दर आणि शेतकऱ्याच्या धानाची प्रत उद्या अधिकाधिक प्रमाणात कॅमेरेच ठरवू लागतील. एखादा दाणा काळा ठरला तो खरोखर काळा होता म्हणून, की एक्स्पोजर कमी पडले म्हणून, हे विचारण्याचा अधिकार तेव्हा शेतकऱ्याला असला पाहिजे. त्या प्रश्नाचे उत्तर शेवटी एखाद्या ड्रायव्हरच्या दस्तऐवजातील दोन-तीन ओळींवर अवलंबून असेल. म्हणून त्या ओळी लिहिलेल्या असणे, आणि ज्याला हव्यात त्याला वाचता येणे, अगत्याचे आहे.