समोर पडदा, संगणक दूर

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्याजवळच्या हिंजवडीतली आयटी कार्यालये ओस पडली. परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचे काम घरून करायचे, तर ग्राहकांची गोपनीय माहिती घरोघरच्या लॅपटॉपवर उतरवायची कशी? ती उतरवायचीच नाही, ही सोय तंत्रज्ञानात आधीपासून होती. तिचे नाव व्हर्च्युअल डेस्कटॉप.

यात विंडोज, फायली, प्रोग्राम असे सगळे डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर राहते. हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर एकाच दणकट सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवते. कर्मचारी घरी एक छोटे ॲप उघडतो, पासवर्ड आणि ओटीपी देतो. मग कनेक्शन ब्रोकर त्याची ओळख पटवून त्याला त्याचा डेस्कटॉप जोडून देतो. तिथून पुढे इकडून जातात फक्त कळा आणि माउसच्या हालचाली. तिकडून येते पडद्याचे चित्र, तेही जेवढे बदलले तेवढेच. नीट बंदोबस्त केलेला असेल, तर लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराच्या हाती एकही फाइल लागत नाही.

ही कल्पना जुनी आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या सिट्रिक्सने 1995 मध्ये विनफ्रेम आणले. एकाच विंडोज सर्व्हरवर अनेकांना दुरून काम करता येऊ लागले. पुढे प्रत्येकाला स्वतंत्र आभासी संगणक मिळाला, आणि 2014 पासून ॲमेझॉन तो भाड्याने देऊ लागली.

गोची आहे ती अंतराची. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच सेकंदाचा आठवा हिस्सा जातो. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जातात, त्यामुळे अधिकच. टाइप केलेले अक्षर रेंगाळत उमटते ते यामुळे, आणि महागडा इंटरनेट प्लॅन घेऊनही ते सुधारत नाही. सर्व्हर जवळ असणे हाच खरा उपाय. मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रे 2015 पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत.

काही ठिकाणी लॉग-ऑफ करताच डेस्कटॉप पुसला जातो आणि सकाळी कोरा मिळतो. तिथे फाइल नेटवर्क ड्राइव्हवरच ठेवावी.

छोट्या व्यावसायिकांना मात्र कळकळीने सांगायला हवे. ऑफिसचा संगणक घरून वापरण्यासाठी रिमोट डेस्कटॉपचे 3389 क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. हल्लेखोर असे पोर्ट सतत शोधत असतात. गेटवे किंवा व्हीपीएन आणि ओटीपी आजच बसवून घ्या.