टाके विरघळले, तपासणी राहिली

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाला पंधरा वर्षे होत आली. जून २०११मध्ये त्याने सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत केले. सिझर झालेल्या बाईला सात दिवसांचा आहार आणि घरी सोडायला गाडी मिळू लागली. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षांत गर्भाशय शिवण्याची रीत रुळली, भूल सुधारली, प्रतिजैविके आली. तो इतिहास ठाऊक आहे. सल आहे तो २०११ नंतरच्या दशकाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशातली साडेआठ टक्के बाळंतपणे सिझरने होत. २०१९-२१मध्ये साडेएकवीस, महाराष्ट्रात तर पंचवीसहून अधिक. शस्त्रक्रिया एवढी वाढली आणि जखमेवरची नजर मात्र विरळ झाली.

पूर्वी टाके सातव्या-आठव्या दिवशी काढत. सिस्टर चिमट्याने गाठ उचलून धागा कापायची, तेव्हा कडा लाल आहेत का, दाबल्यावर पाणी येते का, हे दिसायचेच. कातडीखालून घातलेल्या विरघळणाऱ्या धाग्याने बाईचा त्रास वाचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यासोबत ती हमखास तपासणीही गेली. आता वॉटरप्रूफ पट्टी लावून तीन-चार दिवसांत सुट्टी मिळते. जखमेतला संसर्ग शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांपर्यंत धरला जातो आणि बराचसा घरी गेल्यावरच उघड होतो. तोवर बाळंतीण माहेरी, कमरेला पट्टा बांधून शेक घेत असते.

महागड्या पट्टीने हे भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्येच सांगितले, की टाके घालून बंद केलेल्या जखमेला साध्या पट्टीऐवजी खास पट्टी लावू नये. प्रतिजैविक चीर देण्याआधी द्यावे आणि शस्त्रक्रियेनंतर लांबवू नये. बाळाला औषध पोचेल या धास्तीने ते नाळ बांधल्यावर देण्याची प्रथा अनेक वर्षे चालली, वर पाच-पाच दिवसांचे डोस. ही सवय सोडायला आपल्याकडे फार वेळ लागला. स्थूल बायकांचे काय, असे कोणी विचारेल. त्यांच्यासाठीच्या, हवा खेचून घेणाऱ्या पट्टीचा २०२०च्या अमेरिकी चाचणीत फायदा दिसला नाही. २०२१च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत संसर्ग कमी झाला. म्हणजे निवडक जणींसाठी तिचा विचार जरूर व्हावा. सरसकट सगळ्यांच्या बिलात ती कशाला?

जखम पाहण्यासाठी बाईला दवाखान्यातच ठेवावे म्हटले, तर खाटा अपुऱ्या आहेत, आठ दिवस कोणाला ठेवणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून तपासणीच घरी गेली पाहिजे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घरोघरच्या नवजात बालसेवेचा पाया घातला, पुढे ती देशभर गेली. सिझरनंतर आशाताई सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत बाळ पाहायला येतेच. त्याच भेटीत तिने टाक्यांची जागा उजेडात पाहावी: लाली, सूज, पू, वास, सुटलेली कड. तिच्यावर आधीच कामाचा बोजा आहे, हे नाकारता येत नाही; म्हणून या कामाचा वेगळा मोबदला आणि प्रशिक्षण तिला मिळायला हवे. आणि तिने कळवले की त्याच दिवशी बाईला तपासणारा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात हजर हवा.