धार फिरते, पण बेताने

यवतमाळ जिल्ह्यात रात्रीची लाइन आली की हरभऱ्याच्या वावरात टिक-टिक सुरू होते. स्प्रिंकलरच्या त्या नोझलला ना मोटर, ना गिअर. पाण्याची धार छोट्या हाताच्या वाटीवर आपटते, हात बाजूला उडतो, स्प्रिंग त्याला ओढून आणते आणि तो नोझलच्या अंगावर टोला हाणतो. एका टोल्यात नोझल जरासंच सरकतं. कॅलिफोर्नियातले बागायतदार ऑर्टन एंगलहार्ट यांना या जुगाडाचं पेटंट १९३५ साली मिळालं!

अडीच किलो दाबाला ही धार ताशी जवळपास ८० किमी वेगाने सुटते. दाब चौपट केला तरी वेग दुप्पटच होतो, असा पाण्याचा हिशेब. तरी १०० बारला वेग ताशी ५०० किमी आणि १,००० बारला १,६०० किमी, म्हणजे आवाजालाही मागे टाकणारा.

धुलाईच्या हत्यारांत एवढ्या दाबाला नोझल फिरवायला वेगळं काही लागत नाही. तोंड थोडं तिरपं ठेवलं की धारेच्या उलट धक्क्यानेच ते गरगरतं. डोकेदुखी आहे ती आवरण्याची. फार जोरात फिरलं तर धार फाटते, तिचं धुकं होतं आणि घाणीपर्यंत पोचेस्तोवर दम संपतो. म्हणून चांगल्या हत्यारात मुद्दाम ब्रेक असतो: कुठे घट्ट सिलिकॉन तेल, कुठे चुंबक. सांध्याची तर आणखी गंमत. पाइप स्थिर, डोकं फिरतं. सील करकचून आवळलं तर डोकं अडकतं. म्हणून काही हत्यारांत थोडं पाणी झिरपू देतात, तेच वंगण!

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाला बसलेली काळी माती टर्बो नोझलने धुताना बघा. दिसतो फवारा, असते एकच धार. आतली तिरपी नळी सिरॅमिकच्या बैठकीवर टोक टेकवून घुमते. साधं पोलाद तिथे लवकर झिजलं असतं.

गटाराच्या जेटिंग नोझलची तऱ्हा उलटी. त्याच्या धारा मागे मारतात, त्यामुळे पाइप आपोआप पुढे सरकतो. मग ऑपरेटर रीळ गुंडाळतो आणि त्याच धारा गाळ ढकलत चेंबरपर्यंत आणतात. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे जेटिंग नोझलची खरेदी नगरपालिकेने हौसेची समजू नये.