दगडांना बोलते करू या

विद्यार्थी मित्रहो, इतिहासाचा तास म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? सनावळ्या, लढाया आणि राजांची नावे! परीक्षा संपली की त्यांतले निम्मे आपण विसरून जातो. पण इतिहास हा केवळ पाठ करायचा विषय नाही. तो पाहायचाही विषय आहे. त्यासाठी पुस्तक मिटून घराबाहेर पडावे लागते.

सहलीला जाणे आणि इतिहास पाहायला जाणे यांत मात्र फरक आहे. सहलीत आपण 'किती सुंदर!' असे म्हणतो आणि पुढे जातो. इतिहास पाहणारा थांबतो आणि विचारतो : हे कोणी बांधले? का बांधले? येथे पाणी कोठून येत होते? आणि लोक जे सांगतात ते कशावरून खरे?

हे प्रश्न बरोबर घेऊन आपण एका रस्त्याने जाऊ या. हा रस्ता छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद आणि खुलदाबादमार्गे वेरूळला जातो. अंतर सुमारे ३० किलोमीटर. पण या अंतरात हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

प्रथम शहराची नावेच पाहा. येथे खडकी नावाचे गाव होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इ. स. १६१० मध्ये तेथे शहर वसवले. त्याचा मुलगा फत्तेखान याने १६२६ मध्ये त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये ते औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. एका शहराची चार नावे म्हणजे इतिहासाची चार पानेच होत.

मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे आफ्रिकेतील ॲबिसिनियाचा. तो गुलाम म्हणून भारतात आला आणि आपल्या कर्तबगारीने राज्याचा कारभारी झाला. शहर वसवताना त्याने आधी पाण्याचा विचार केला. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून त्याने शहरात आणले. पुढच्या काळात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. तिचे पाणीही दुरून जमिनीखालूनच येते. उंचावरून पडणाऱ्या पाण्याने खालचे चक्र फिरे आणि त्याबरोबर वरचे जाते फिरून धान्य दळले जाई.

शहरातच बीबी का मकबरा आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर. कित्येक जण ती पाहून 'ही तर ताजमहालाची नक्कल' असे म्हणतात आणि परततात. तुम्ही मात्र भिंतीजवळ जा. खालच्या भागात संगमरवर आहे. वर साधा काळा दगड असून त्यावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा आहे. संगमरवर दूरच्या प्रदेशातून आणावा लागे. काळा दगड आणि चुना येथलाच. कारागिरांनी येथल्या सामानातून ही शोभा कशी साधली, ते त्या भिंतीच सांगतात. मुख्य दारावरच्या लेखात दोन नावे आहेत : वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. बादशहाची नावे सर्वांना ठाऊक असतात. बांधणाऱ्यांची नावे मात्र शोधावी लागतात.

शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. याचे जुने नाव देवगिरी. ही यादव राजांची राजधानी होती. डोंगराचे कडे भिंतीसारखे सरळ तासलेले आहेत. भोवती खडकात खोदलेला खंदक आहे आणि पुढे 'अंधारी' नावाचा काळोखा, वळणावळणांचा भुयारी मार्ग. असा किल्ला कोण जिंकणार? पण इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने वेढा घातला, तेव्हा रामदेवरायाला तह करावा लागला. धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली, अशी हकीकत फारसी तवारिखांत आहे. किल्ला कितीही अवघड असो, कोठारे रिकामी असली की तो लढू शकत नाही.

पुढे १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने येथे राजधानी आणली. 'त्याने सारी दिल्ली ओस पाडली' असे आपण ऐकतो. येथे 'कशावरून?' हा प्रश्न विचारला पाहिजे. आजच्या अनेक इतिहासकारांच्या मते मुख्यतः अमीर-उमराव, अधिकारी, उलेमा आणि सूफी यांना येथे यावे लागले. काही वर्षांनी राजधानी परत गेली. पण आलेल्यांपैकी बरेच लोक येथेच राहिले. त्यांच्याबरोबर दिल्लीकडची बोली आली. दख्खनच्या भाषांच्या सहवासात तिची दखनी झाली. दखनी बोलणारा माणूस 'नक्को' म्हणतो. हा शब्द आपल्या मराठी 'नको'पासूनच आला. उलट या किल्ल्यावर फिरताना तुम्ही मराठीत जे शब्द वापराल ते आठवा : किल्ला, बुरूज, खंदक, दरवाजा, कमान. यांतला एकही शब्द उर्दू शिकणाऱ्याला परका वाटणार नाही.

मित्रहो, म्हणूनच तुमच्याकडे एक मोठी ठेव आहे. बुरुजावरील मेंढा तोफेवर फारसी लेख आहेत. ते पूर्ण समजले नाहीत, तरी त्यांतली अक्षरे तुम्ही ओळखू शकता. याच गडाचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे संत एकनाथांचे गुरू होते, असे परंपरा सांगते. एकनाथांची वाणी समजायला मराठी हवी. येथला इतिहास दोन्ही भाषांत आहे. एकच भाषा येणाऱ्याला त्याची अर्धीच बाजू कळते.

पुढे खुलदाबाद लागते. येथे झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची साधी, उघड्या आकाशाखालची कबर आहे. भोवतीची संगमरवरी जाळी नंतर बसवलेली आहे. याच गावात मलिक अंबरचीही कबर आहे. एक मोगल बादशहा आणि दुसरा मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजलेला वजीर! दोघेही आज एकाच गावच्या मातीत विसावले आहेत.

रस्त्याच्या शेवटी वेरूळची लेणी आहेत. बौद्ध, हिंदू आणि जैन अशी ३४ लेणी एकाच डोंगरात आहेत. आठव्या शतकातले कैलास लेणे तर एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले आहे. पाया शेवटी आणि कळस आधी! कोरताना एक घाव चुकला तरी तुटलेला दगड परत जोडता येणार नव्हता.

अशा ठिकाणी जाण्यापूर्वी थोडे वाचून जा. जवळ वही-पेन्सिल ठेवा. दिसेल त्याचे चित्र काढा, लेख जसा असेल तसा उतरवून घ्या. वाटाड्याची गोष्ट आनंदाने ऐका. पण ती लिहिताना 'असे सांगतात' एवढे दोन शब्द जोडायला विसरू नका. आणि भिंतीवर आपले नाव मुळीच कोरू नका. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित वास्तूचे नुकसान करणे हा गुन्हा आहे. शिवाय शेकडो वर्षांपूर्वीचा लेख आपण एका खिळ्याने खरवडला, तर पुढच्या पिढीने काय वाचायचे?

इतिहास पाहायला दूरच जावे लागते असे नाही. तुमच्या गावातही जुनी वेस, बारव, मशीद, देऊळ किंवा वाडा असेलच. येत्या सुटीत तेथे जा. घरातल्या आजी-आजोबांना त्याविषयी विचारा. जे पाहिले आणि ऐकले ते दहा ओळींत मराठीत लिहा, आणि तेच उर्दूतही लिहून घरी वाचून दाखवा. तुमच्या गावाचा इतिहास अजून कोणी लिहिला नसेल, तर त्याची पहिली दहा वाक्ये तुमची असतील.