कुमार गंधर्व : आजारानंतरचं गाणं
शिवपुत्र कोमकळी म्हणजेच कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवत. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे तालीम झाली, नाव झालं. मग क्षयाने गाठलं. 1948 साली कोरड्या हवेसाठी मुक्काम माळव्यातल्या देवासला हलला आणि गाणं काही वर्षं थांबलं. हा काळ वाया गेला नाही, हे विलक्षणच. अंथरुणावर पडल्या पडल्या आजवरच्या गाण्याचा फेरविचार चालू होता. कानांवर माळव्यातल्या बायकांची लोकगीतं पडत होती. मोजक्या स्वरांच्या त्या धुनांत त्यांना रागांची बीजं दिसली. त्यांतूनच मालवती, संजारी, लगनगंधार असे धुनउगम राग उभे राहिले. 1953 च्या सुमारास मैफली पुन्हा सुरू झाल्या. फुप्फुस अधू झाल्याने तान छोटी, लखलखीत झाली. 1965 साली त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह प्रसिद्ध झाला.