रोहित आले म्हणून खाडी स्वच्छ?

हिवाळ्यात ठाणे खाडीत गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे उतरले की ‘पाणी सुधारलं बरं का’ असं कुणीतरी म्हणतंच. समज सुखाचा आहे, पण खरा नाही. धाकटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो आणि शहराच्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ते शेवाळ फोफावतं. म्हणजे या पाहुण्यांचं ताट काही अंशी आपल्याच नाल्यांनी वाढलेलं आहे! तेच शेवाळ अती झालं आणि कुजू लागलं, की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासळी गुदमरते. खाडीची तब्येत विचारायचीच तर कोळ्यांना विचारावी. जिताडा लागतो का, चिखलात निवट्या दिसतात का, चिंबोऱ्या किती मिळतात, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

खाडीकाठच्या तिवरांमुळे, म्हणजे कांदळवनामुळे, डास होतात, हाही जुना आरोप. डासांना साचलेलं पाणी लागतं. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा जिथे फिरते, तिथे त्यांच्या अळ्यांचं फारसं निभत नाही. राडारोडा टाकून पाणी अडवलं की डबकी होतात आणि बोल मात्र झाडांना लागतो.

जमीन खासगी असली की तिवरं तोडायला मोकळीक, असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये मालकी कुणाचीही असली तरी कांदळवनाला संरक्षण दिलं आहे. खाडीचा काही भाग 2015 पासून अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. मात्र सांडपाणी येतं ते या हद्दीबाहेरून.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘इथली तोडू, तिकडे लावू’. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर डोकावून हवा घेतात. बांध घालून पाणी कोंडलं आणि ती बुडालेली राहिली, तर कुऱ्हाड न लावताही झाड मरतं. तिथेच पुन्हा रोपं लावली तर तीही जगत नाहीत. मग कुणीतरी उघड्या चिखलपट्ट्यात लावतं. पण ती ‘रिकामी’ जागा म्हणजे किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांचं चरायचं रान असतं. खरं काम दिसायला किरकोळ आहे: भराव काढायचा, बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या करायच्या. पाण्याला वाट मिळाली आणि जवळपास जुनी झाडं असली, की भरतीबरोबर तिवराचं बी आपणहून आत येतं. रोपवाटिकेचा खर्चही बहुतेकदा वाचतो.